गिळलेला शब्द

आनंदी मंगल कार्यालयाच्या वरपक्षाच्या खोलीत त्या रविवारी सकाळी तीसेक माणसं बसली होती. समोर वधूपक्षाच्या खोलीतही तेवढीच. आणि लग्न कुणाचंच नव्हतं. मधल्या हॉलात, जिथं एरवी अंतरपाट धरतात तिथं, दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या होत्या. खुर्च्यांमधल्या टेबलावर दोन काळ्या पट्ट्या पडल्या होत्या. कुत्र्याच्या गळ्यात बांधतात तशा, बोटभर रुंद. शालनबाई खाडे त्यांच्याकडे बघायचंही टाळत होत्या. शालनबाई कुणाला भ्यालेल्या मिरजेत अजून तरी कुणी पाहिल्या नव्हत्या.

चौथी शिकलेली बाई. नवरा गेला तेव्हा पदरात तीन वर्षांची रेवा आणि डोक्यावर अर्धवट स्लॅब. तो स्लॅब त्यांनी पुरा केला, त्याखाली कार्यालय चालवलं, आणि वीस वर्षांत किती वरमायांचे रुसवे नुसत्या जिभेनं काढले ते त्यांनाच माहीत. पंगतीत एका पुढाऱ्याच्या मेव्हण्यानं तिसऱ्यांदा बासुंदी मागवली तेव्हा त्या स्वतः ओगराळं घेऊन गेल्या आणि म्हणाल्या, "घ्या की. लग्न आमच्याकडं आणि बाळसं तुम्हाला." अशी बाई आज स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

"वैनी," गुंडाप्पा आचारी चुलाण्यापासून म्हणाला, "उप्पीट वाढायला घेऊ का परीक्षा झाल्यावर?"

"आत्ताच घ्या. रिकाम्या पोटी माणूस जास्त वंगाळ बोलतं."

"आणि रेवाताई?"

"तिच्या घशाखाली काही उतरत नाही सकाळपासून," शालनबाई म्हणाल्या. आणि 'घसा' हा शब्द तोंडातून गेला तसा त्यांनी हात आपल्याच गळ्याशी नेला.

*

खेळ कार्यालयात आला त्याला दोन वर्षं झाली होती. आषाढ ते कार्तिक लग्नाला मुहूर्त नसतात, हॉल ओस पडतो. रेवा म्हणाली, आमच्या क्लबला दर रविवारी दे. शालनबाईंनी दिला. पहिल्या रविवारी बघतात तर मोठमोठाली दाढीवाली माणसं खोकी उघडून त्यातून अंगठ्याएवढ्या बाहुल्या काढताहेत. जेवणाच्या टेबलांवर थर्माकोलचे डोंगर मांडलेले, आणि माणसं टेप लावून बाहुल्यांमधलं अंतर मोजताहेत.

"काय हो, बस्त्याचं कापड मोजताय का?" त्यांनी विचारलं होतं.

"काकू, ही तोफ नऊ बोटांपलीकडं मारत नाही. म्हणून मोजायचं," एकानं गंभीरपणे सांगितलं होतं.

खेळाचं नाव ध्रुवसत्ता. त्यातली कथा अशी की सूर्य विझत आलाय, माणसं ताऱ्याताऱ्यांवर पांगलीत आणि एकच सम्राट साऱ्यांना धरून आहे. त्याच्या आज्ञेत राहणारे ते अखंड. आज्ञा मोडून फुटलेले ते पाखंडी. वरपक्षाच्या खोलीत अखंड बसत, वधूपक्षाच्या खोलीत पाखंडी. दारावरच्या पाट्या कुणी काढल्या नव्हत्या, त्यामुळे गुंडाप्पा बिनधास्त ओरडायचा, "वरपक्षाला चहा पोचला का?"

बाहुल्यांची लढाई दोन तासांत संपायची. तोंडाची संपायची नाही. भांडणाचं मूळ म्हणजे आरण नावाचा सेनापती. सम्राटानं त्याला आज्ञा केली की फितुरांचा एक ग्रह माणसांसकट जाळून टाक. आरण ताफा घेऊन गेला, ग्रहाभोवती सात दिवस फिरला आणि न जाळता परत आला. आता हा आरण एकनिष्ठ की पाखंडी? यावर जेवताना ताटातला भात वाळून जायचा.

"आज्ञा मोडली, विषय संपला," अखंडांचा म्होरक्या हृषीकेश पाटणे म्हणायचा. पस्तिशीचा, गोरटेला माणूस, इतकं हळू बोलायचा की समोरच्यानं पुढं वाकावं लागे. "निष्ठेला पण-बिण नसतं."

"अरे, पण परत आलाच ना तो? फुटला असता तर पळाला असता!" पलीकडून कुणी ओरडायचं.

एकदा शालनबाईच मधे पडल्या. आमटीचं भांडं हातात तसंच. "राजा म्हणाला पोराबाळांसकट जाळ. ह्यानं नाही जाळलं. मग पाप कुणाचं वाचलं? राजाचंच ना?"

"प्रश्न पापाचा नाही काकू, आज्ञेचा आहे."

"आज्ञा करायलाही अक्कल लागते, बाबा."

सगळा हॉल हसला. आत आल्यावर गुंडाप्पा म्हणाला, "वैनी, बोललात झ्याक. पण ह्या घरात सम्राट कोण हाय ते बी सांगायचं हुतं."

"तुम्ही कांदा चिरा," शालनबाई म्हणाल्या.

*

मग कंठी आली.

रेवानं ती आईला स्वयंपाकघरात समजावून सांगितली होती. "तू देवापुढं मनातल्या मनात जप करतेस ना, तेव्हा ओठ मिटलेले असतात, पण घसा गप्प नसतो. मनात शब्द आला की मेंदू जिभेच्या मुळाशी, स्वरयंत्राभोवतीच्या स्नायूंना बारीकसा विजेचा इशारा धाडतो. आवाज निघत नाही. पण स्नायू त्या शब्दाच्या तयारीत उभे राहतात. या पट्टीच्या आत केसासारखे संवेदक आहेत, ते तो इशारा टिपतात."

"कशाला टिपतात?"

"आधी ज्यांचा आवाज आजारात गेलाय त्यांच्यासाठी केली होती. त्यांनी मनात बोलायचं आणि यंत्रानं ते मोठ्यानं म्हणायचं. लाखो माणसांचे घसे ऐकून ऐकून यंत्र शिकलं. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की ज्याला आवाज आहे त्यालाही बांधून बघू. तोंडातला शब्द एका बाजूला, घशातला दुसऱ्या बाजूला. दोन्ही जुळले तर हिरवा दिवा. नाही जुळले तर पिवळा. पिवळा तीन श्वास राहतो. तेवढ्यात माणसानं आपलं म्हणणं बदललं तर बरं. नाहीतर लाल. आणि लाल झाला की गिळलेला शब्द टॅबलेटवर लिहून येतो."

शालनबाईंचा भाकरी थापणारा हात थांबला होता. "म्हणजे माणसानं गिळलेलं सगळं बाहेर?"

"सगळं नाही गं. शब्दात असेल तेवढंच."

"बाईच्या जातीचं सगळं शब्दातच असतं," त्या म्हणाल्या, आणि तव्यावरची भाकरी करपली.

क्लबात कंठी आधी गंमत म्हणून आली. खेळाआधी शपथ घ्यायची, 'मी अखंडाचा', आणि दिवा बघायचा. हिरवा झाला की टाळ्या. मग एकमेकांवर संशय घेणारे आले, मग साक्षी आल्या, मग लाल झालेल्यांची यादी. ती कुणालाही उघडून बघता यायची. वर्ष सरायच्या आत ती बाहेरचेही बघू लागले. नोकरी देणारे, खोली भाड्यानं देणारे, स्थळं बघणारे. दोन जिभांची माणसं आयती गाळली जात असतील तर कुणाला नको असेल? बाहुल्यांचा खेळ मागंच राहिला आणि यादी पुढं गेली. कार्यालय बघायला आलेले वरबापसुद्धा आता हॉल, पाणी, पार्किंग विचारून झालं की हळूच म्हणायचे, "तुमच्याकडचं कुणी नाही ना यादीत?"

त्या यादीत ओंकार गेला. रेवाच्याच बरोबरीचा, पतसंस्थेत कामाला. शपथ घेताना तोंडानं म्हणाला 'मी अखंडाचा' आणि दिवा पिवळा झाला. लोक हसले. ओंकारही हसला, आणि त्या हसण्यात तीन श्वास निघून गेले. टॅबलेटवर उमटलं 'कंटाळा'. महिन्याभरात पतसंस्थेनं त्याला घरी बसवलं.

पण शालनबाई भ्याल्या त्या पुढच्या गोष्टीनं. ओंकारची आई एका दुपारी कार्यालयात आली. पाणी प्यायली नाही, बसली नाही.

"बोलतच नाही वो आता," ती म्हणाली. "जेवायला ये म्हटलं की मान हलवतो. काय होतंय विचारलं की गळ्याला हात लावतो. पट्टी नसते वो गळ्यात. तरी लावतो. काल बघितलं, झोपेत ओठ दातांखाली धरून झोपलेला. रक्त आलेलं."

 

*

आणि आठ दिवसांपूर्वी रेवानं क्लबच्या पानावर आरणबद्दल लिहिलं: 'ज्यानं आज्ञा मोडून राजाला पापातून वाचवलं, तोच पहिला अखंड.'

तासाभरात दोनशे उत्तरं आली. 'अखंडात राहून पाखंड', 'हिला तपासा', 'गोड बोलणारे सगळे असेच'. वधूपक्षाच्या खोलीतले तर आणखी चेकाळले, आमच्याकडं ये म्हणून हाका मारू लागले. शेवटी हृषीकेश पाटणेचा निरोप आला. रविवारी कंठपरीक्षा. जो येणार नाही त्याचं नाव तसंच यादीत जाईल. आणि प्रत्येकाला एक पाठीराखा आणायचा, त्याच्याही गळ्यात कंठी.

"नको जाऊस," शालनबाई म्हणाल्या. "बाहुल्या गटारात टाक आणि विषय मिटव."

"नाही गेले तरी लाल, आई."

"मग काय बिघडलं? तुला कुठं बाहेर नोकरी करायचीय?"

रेवानं ओट्याकडं बघितलं. ओट्यावर तिच्या बाहुल्या वाळत होत्या. प्रत्येक बाहुलीच्या डोळ्यात, मोहरीएवढ्या डोळ्यात, तिनं एकाच केसाच्या कुंचल्यानं उजेडाचा ठिपका दिला होता. ते ठिपके बघूनच पुण्याच्या एका कंपनीनं तिला बोलावलं होतं. डोळा गमावलेल्यांसाठी ते काचेसारखे डोळे बनवतात, आणि बुबुळ अजून माणसालाच रंगवावं लागतं. दुसऱ्या डोळ्याशी जुळणारा रंग यंत्राला साधत नाही. पत्र येऊन दोन महिने झाले होते. त्या दिवशी शालनबाई म्हणाल्या होत्या, "हे कार्यालय मी कुणासाठी उभं केलं? पुण्याला जायचं नाही." रेवा म्हणाली होती, "हो आई." एवढंच. मोकळ्या चेहऱ्यानं.

आता यादीत नाव गेलं की पुणं आपोआप मिटलं. हे शालनबाईंच्या मनात आलं आणि क्षणभर, फक्त एका क्षणासाठी, त्यांना बरं वाटलं. मग त्या आपल्याच बरं वाटण्याला इतक्या भ्याल्या की हातातलं पातेलं खाली ठेवून मोरीत गेल्या आणि तोंडावर पाण्याचे हबके मारत राहिल्या.

बाहेर येऊन म्हणाल्या, "पाठीराखी मी होणार."

"तू?" रेवा हसली. "आई, तुला कशाला कंठी? तुझ्या पोटात काही राहतं का?"

*

रविवारी दहाच्या सुमाराला सगळे हॉलात जमले. वरपक्ष एका भिंतीला, वधूपक्ष दुसऱ्या. हृषीकेश टॅबलेट घेऊन मधे बसला. रेवा एका खुर्चीत, शालनबाई तिच्यासमोर. त्यानं दोघींच्या गळ्यात पट्ट्या बांधल्या. पट्टी गार होती आणि गळ्यावर बसताच जरा आवळली, जिवंत असल्यासारखी.

"काकू, नोंद अजून सुरू केलेली नाही. काहीतरी बोला. पट्टी नीट लागते का बघू."

"बोलायचं काय? माझ्या कार्यालयात काही सुरू करायचं तर आधी नारळ लागतो. आणा हो तो नारळ, गुंडाप्पा." गुंडाप्पानं आणून दिला. शालनबाई म्हणाल्या, "हा नारळ वाढवते, मग करा काय करायचं ते."

गळ्यापाशी पिवळा दिवा लागला. शालनबाईंना तो दिसत नव्हता. समोरच्या माणसांचे चेहरे बघून त्यांना कळलं काहीतरी झालंय. मग समोरच्या खिडकीच्या काचेत त्यांना आपल्या गळ्याशी लाल ठिपका दिसला.

हृषीकेशनं टॅबलेट बघितला. "फोडते," त्यानं वाचलं. "तोंडात वाढवते, घशात फोडते."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग कुणीच हसलं नाही. मिरजेतली सगळ्यात सरळ जीभ लाल झाली होती.

"अरे, मग काय म्हणू?" शालनबाई उसळल्या. "शुभ कामाला बसताना फोडते म्हणू? तुझ्या आईनं कधी दिवा विझवला म्हटलंय का? वाढवला म्हणते ना? तिची बांगडी कधी फुटली का? वाढवलीच ना? वाईट शब्द आधी जिभेवर येतो, त्याला गिळायचं आणि चांगला पुढं करायचा. त्याला रीत म्हणतात, लबाडी नव्हे!"

"बरोबर आहे काकू," हृषीकेश हळू आवाजात म्हणाला. "पण यंत्र चुकलं नाही. शब्द होता."

"होता म्हणून तर गिळला!"

"यंत्राला रीत कळत नाही. शब्द कळतो."

"मग कळणाऱ्याला बसव त्या खुर्चीत," शालनबाई म्हणाल्या. आवाज तोच होता, धार तीच होती, पण नजर रेवाच्या गळ्यावरून हलत नव्हती. कारण रेवाला बोलायला त्यांनीच शिकवलं होतं. तांदूळ संपले म्हणू नये गं, डबा भरायला आलाय म्हणावं. नको म्हणू नये, पुरे म्हणावं. पाहुण्यांसमोर गिळ. आजीसमोर गिळ. माझ्यासमोर तोंड वर करून बोलायचं नाही, गिळ. दोन वर्षांच्या पोरीच्या घशात त्यांनी दोन-दोन शब्द ठेवायला शिकवले होते. आणि आता त्या घशावर पट्टी होती.

"नोंद सुरू," हृषीकेश म्हणाला. "नाव?"

"रेवा खाडे." हिरवा.

"तू अखंडाची?"

"हो." हिरवा.

"आरण पाखंडी होता?"

"नाही."

साठ माणसं पुढं वाकली. दिवा हिरवा.

वधूपक्षाच्या भिंतीकडून टाळी पडली. "बघा! अखंडाची आहे आणि आरणलाही मानते! दोन्ही खरं!"

"हे कसं चालेल? दोन्ही हिरवं कसं?" वरपक्षातला एक जण खुर्चीवरून उठला.

"बस रे. यंत्राचं ऐकायचं म्हणाला होतास ना? आता ऐक की."

शालनबाईंचा श्वास मोकळा झाला. पोरगी सरळ बोलली होती. साठ माणसांसमोर, न गिळता. त्यांना अभिमान वाटला आणि लगेच दुसरंच वाटलं. माझ्यासमोर ही असं कधी बोलली?

हृषीकेशनं हात वर केला. "एक प्रश्न राहिला. सगळ्यांना विचारतो तोच. खेळाबाहेर, घरात किंवा कुठंही, तू दिलेला सगळ्यात मोठा शब्द कुठला? जो घरी शब्द पाळतो तोच इथं पाळणार. तो शब्द पुन्हा दे."

रेवानं आईकडं बघितलं. 

"मी आईला शब्द दिलाय," ती म्हणाली. "पुण्याला जाणार नाही. इथंच राहणार."

पिवळा.

त्या पिवळ्या ठिपक्यात शालनबाईंना दोन महिने दिसले. दोन महिने नव्हे, वीस वर्षं. 'हो आई' म्हणताना तो मोकळा चेहरा, आणि त्या चेहऱ्याखालचा हा घसा. घरात त्यांच्या कानाला ऐकू न येणारी एक दुसरीच रेवा राहत होती, रोज त्यांच्या हातचं जेवत होती, आणि त्या तिला ओळखत नव्हत्या. असली भीती त्यांना नवरा गेला तेव्हाही वाटली नव्हती.

एक श्वास गेला.

 बदल म्हणणं, शालनबाई डोळ्यांनी म्हणत होत्या, बदल गं. रेवा नुसती त्यांच्याकडं बघत होती, आणि त्यांना कळलं की ती बदलणार नाही. आईला दिलेला शब्द ती चारचौघांत मोडणार नाही. लाल झाली तर होईल, डोळे रंगवायचे हात जन्मभर पापड लाटतील, पण ही पोरगी आज्ञा मोडणार नाही. त्यांनी तिला तशीच वाढवली होती.

दुसरा श्वास.

"जाते म्हण!" शालनबाई ओरडल्या.

हॉल दचकला. भिंतीपाशी उभ्या गुंडाप्पानं तोंडावर हात ठेवला. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताना बाईमाणसानं जाते म्हणायचं नसतं, येते म्हणायचं. जाते म्हणून गेलेलं माणूस परत येत नाही. हा शब्द शालनबाईंनी वीस वर्षांत घरात कुणाला उच्चारू दिला नव्हता.

"आई..."

"म्हण! माझी आज्ञा आहे. पुण्याला जाते म्हण!"

"जाते," रेवा म्हणाली. तिचा आवाज फुटला होता. "मी पुण्याला जाते."

हिरवा.

कुणी टाळी वाजवली नाही. हृषीकेशनं टॅबलेटवर बोट टेकवलं, काहीतरी नोंदवलं. तो कधी घाई करत नसे, आत्ताही केली नाही.

"रेवा खाडे, एकजीभ. आता पाठीराखीचं एकच. मान्य असं म्हणायचं, की झालं. काकू, मुलीनं आत्ता जे सांगितलं ते मान्य?"

"मान्य," शालनबाई म्हणाल्या.

खिडकीच्या काचेत पिवळा ठिपका उगवला.

त्यांना आपल्या घशात काहीतरी धडपडताना जाणवलं. मासळीच्या काट्यासारखं, ना वर ना खाली. इतकी वर्षं त्यांनी तोंडाला येईल ते बोलून टाकलं होतं, आणि लोक म्हणायचे शालनबाईंच्या पोटात काही राहत नाही. आज पहिल्यांदा त्यांना कळलं की गिळलेल्या शब्दाला वजन असतं. तो म्हणून टाकला की दिवा हिरवा. कार्यालय वाचेल, नाव वाचेल, उद्या कुठलाही वरबाप विचारायला आला तरी ताठ मानेनं सांगता येईल. म्हणायचं फक्त एकदा, मोठ्यानं. आणि तो ऐकला की रेवा ती खुर्ची सोडून कुठंही जाणार नाही.

"वैनी," गुंडाप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाला, "तीनच श्वास असत्यात. बोला की काय असेल ते."

शालनबाईंनी दात दातांवर घट्ट बसवले. पहिला श्वास त्यांनी मोजला. दुसरा त्यांना ओढून घ्यावा लागला. तिसऱ्याला डोळ्यांपुढं अंधारी आली आणि कानात नुसता रक्ताचा आवाज राहिला.

काचेतला ठिपका लाल झाला.

वरपक्षाच्या भिंतीशी कुजबुज उठली. हृषीकेशनं टॅबलेट बघितला आणि पहिल्यांदाच त्याचा चेहरा जरा हलला. नियम होता म्हणून त्यानं तो वळवून शालनबाईंपुढं धरला. "काकू, हे तुमचं. बघून घ्या. यादीत तुमच्याच नावावर असंच जाईल."

पडद्यावर दोन अक्षरं होती. शालनबाई वाचायच्या तशाच त्यांनी वाचली, बोट ठेवून, ओठ हलवत. र ला काना रा. ह ला काना हा.

रेवा खुर्चीतून उठली होती. "काय आहे? आई, काय लिहिलंय? बघू."

शालनबाईंनी टॅबलेट हिसकावून घेतला आणि टेबलावर पालथा आपटला. त्यांनी हात टॅबलेटवर तसाच दाबून धरला, आत काही जिवंत असल्यासारखा.

"वाचता येतं म्हणून सगळं वाचायचं नसतं," त्या म्हणाल्या. "चल. बॅग भर."